बाकावरचे टोळभैरव

माझ्या धाकट्या भावाची ठरत आलेली सोयरीक एका शब्दावरून मोडली. तो शब्द म्हणजे टोळभैरव. गंमत अशी की, ज्यांनी तो उच्चारला ते सगळे माझ्या भावासाठी हातातला घास टाकून धावणारे लोक होते, आणि त्यांनी तो उच्चारला तोही त्याला वाचवायला म्हणून. हे आठवलं की मला अजून वर्गात शिकवता शिकवता हसू फुटतं. अकरावीची पोरं एकमेकांकडं बघतात. त्यांना वाटतं, म्याडम आपल्या निबंधांना हसतात, आणि तसं वाटणं त्यांच्या निबंधांच्या तब्येतीला चांगलंच आहे.

मी अंबाजोगाईला एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. माहेर घाटनांदूरच्या पुढं, अर्ध्या तासावर. जवळजवळ दर आठवड्याला जाते. नवऱ्याचं म्हणणं असं की, मी माहेरी राहायला जात नाही, माहेर तपासायला जाते. त्याच्याशी वाद घालण्यात मी वेळ घालवत नाही, कारण शनिवारची गाडी चुकते.

भाऊ मोटारी भरतो. म्हणजे विहिरीवरची किंवा बोअरची मोटार जळाली की ती खोलायची, आतली काळी पडलेली तांब्याची तार काढायची आणि नवी तार वेढे मोजून भरायची. काम जिकिरीचं. मोजताना चुकलं की मोटार पुन्हा धूर सोडते आणि शेतकरी शिव्या. पण या धंद्याला ऋतू असतो. माघ लागला की मोटारी जळायला लागतात आणि मृगापर्यंत भावाला जेवायची फुरसत नसते. एकदा पाऊस झाला, विहिरी भरल्या, की मोटारी गप्प. मग दिवाळीपर्यंत तो रोज दुकान उघडतो, झाडतो आणि समोरच्या बाकावर जाऊन बसतो.

तो बाक तिघांचा आहे. त्यावर पाच जण बसतात. भाऊ आणि त्याचे चार दोस्त. एक ट्रॅक्टर चालवतो, एक मंडप टाकतो, एक गेली आठ वर्षं स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, आणि चौथा काय करतो हे त्याच्या बायकोलाही नक्की सांगता येत नाही. बाकाखाली एक पिवळं कुत्रं. मोबाईलवर लुडो खेळणं, रस्त्यानं जाणाऱ्याच्या चालीवरून तो कुठं निघालाय ते ओळखणं आणि ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून नको त्या घोषणा करणं हा यांचा पावसाळी उद्योग. आमच्या माजी सरपंचांची, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं त्यांची म्हैस हरवली होती, तेव्हा यांनी पुकारलं, "आबाची म्हैस हरवलीय. म्हशीनं असंल तितून ग्रामपंचायतीत यावं." म्हैस तासाभरात आली. आबा आजही सांगतात की ती भोंगा ऐकून आली.

एवढं खरं की कुणाच्या विहिरीत बैल पडो, मयताला खांदा कमी पडो की पंगतीला वाढपी, पहिली हाक या बाकाकडंच जाते. हे मात्र कुणी मोठ्यानं बोलून दाखवत नाही.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, तर मुळीच नाही. अण्णा जनावरांच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. निवृत्त झाले तरी पंचक्रोशीतल्या एकेका म्हशीचं पोट त्यांना पाठ आहे. अंगात कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट. जनावरांशी ते गावच्या बोलीत बोलत, "सरक की बाय, कावून लाथा मारायलीस?" अशा प्रेमानं. माणसांशी मात्र बोलायचे ते थेट पुस्तकातलं. त्याला कारण होतं. आमच्या आजोबांना चांगलं नाव असताना गाव त्यांना जातीच्या शब्दानं हाक मारायचं, आणि आजोबा ओ द्यायचे. अण्णांनी ते लहानपणी ऐकलं होतं. आपल्या पोरांना असली हाक कुणी मारायची नाही, यासाठी त्यांनी शाळा, शर्ट, भाषा आणि वेळ ही चार हत्यारं आयुष्यभर परजली. घरात शिवीला बंदी होती. पिवळ्या कुत्र्याला 'अहो' म्हणायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

त्यामुळं फार चिडले की त्यांच्याकडं एकच अस्त्र उरायचं. "ते चौघे टोळभैरव माझ्या मुलाला बिघडवत आहेत," असं ते ओट्यावर उभे राहून, शब्दाचं प्रत्येक अक्षर मोकळं करून म्हणायचे. बाकावर पाच असत, अण्णांना चारच दिसत. वर्षानुवर्षं ऐकून ऐकून गावानं तो शब्द उचलला. आमच्याकडं पूर्वी असल्या लोकांना उंडगे म्हणायचे. अण्णांच्या कृपेनं शेंबडी पोरंही टोळभैरव म्हणायला लागली.

तर एका मध्यस्थामार्फत उमापूरचं स्थळ आलं. मुलगी आरोग्य उपकेंद्रात नर्स. बघाबघी झाली, दोघांनी एकमेकांना पसंत केलं आणि फोन सुरू झाले. भाऊ बाकावरून उठून लांब लिंबाखाली जाऊन बोलायचा, त्यावरून पसंती किती खरी ते आम्ही ओळखलं. आता राहिली होती फक्त चौकशी.

चौकशी म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या भागात तारीख धरण्याआधी मुलीकडचं कुणीतरी न सांगता मुलाच्या गावात येतं. घरी येत नाही. चहाच्या टपरीवर बसतं, दाढी करून घेतं आणि सहज विचारावं तसं विचारतं, "ते अमुक पोरगं कसं हाय?" यावर गावाचा कायदा ठरलेला आहे. सोयरीक मोडायचं पाप कुणी घ्यायचं नाही. बांधाच्या भांडणात डोकं फोडून घेतलेला माणूससुद्धा सांगतो, "पोरगं सोनं हाय." त्यामुळं चौकशीत आजवर सगळी पोरं सोनंच निघालेली आहेत. तरीही चौकशी होते. जाणते लोक म्हणे 'सोनं' म्हणण्याआधी माणूस किती थांबला त्यावरून कस काढतात.

मुलीचा मामा त्याहून जाणता निघाला. त्याला मुळी 'सोनं' ऐकायचंच नव्हतं. म्हणून त्यानं लग्नाचं नाव काढलं नाही. डोळ्याला काळा चष्मा, काखेत फाईल, अशा थाटात तो भर भादव्यात आमच्या गावात उतरला आणि विचारू लागला, "हितं मोटार भरनारा कोन हाय? आमची मोटार जळालीय." आणि मग, "त्यो तारंचं काम बी करतो का? कधी घावतो? संगट कोन असतंय?"

विहिरी काठोकाठ भरलेल्या. मोटार कुणी लावतच नव्हतं, तर जळेल कुठून? शिवाय आठच दिवसांपूर्वी शेजारच्या गावात वीजचोरी पकडणारं पथक येऊन गेलं होतं आणि त्यांनी तारांवर टाकलेले आकडे काढून नेले होते. आकडा म्हणजे बांबूच्या टोकाला वाकवलेली तार. ती खांबावरच्या तारेत अडकवली की फुकट वीज. आमच्या गावात आकडे आहेत की नाहीत ते मी इथं लिहिणार नाही. पण काळा चष्मा, काखेत फाईल आणि 'तारंचं काम कोन करतो' असा प्रश्न, एवढ्यावरून गावानं ओळखायचं ते ओळखलं. पथकाचा साहेब आलाय आणि आकडे टाकणारा माणूस शोधतोय. आता पोराला वाचवायचं.

आणि गावानं त्याला वाचवलं.

दोन दिवसांनी मध्यस्थाचा अण्णांना फोन आला. पाव्हण्यांचा नकार आहे. मुलगा टोळभैरव आहे असं गावातल्या सात जणांनी तोंडावर सांगितलं. चौकशीत एकानं वाईट सांगितलं तर तो वैरी समजतात. सात जणांनी सांगितलं म्हणजे बोलायलाच जागा राहिली नाही.

त्या दिवशी अण्णांनी शर्ट काढून खुंटीला लावला आणि दुसऱ्या दिवशी घातला नाही. आईनं मला फोन लावून त्यांच्या हातात दिला. मला वाटलं, अण्णा भावावर तोंड सोडतील. ते इतकंच म्हणाले, "तू मराठीची आहेस. टोळभैरव म्हणजे नेमकं काय? आणि हा शब्द आला कुठून? नीट बघून सांग."

घर जळत असताना आग कशी लागली ते शब्दकोशात बघणारी मीच. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन जाडजूड कोश काढले. त्यांचा मथितार्थ असा की, टोळ म्हणजे पीक फस्त करणारे किडे, त्यांची धाड म्हणजे टोळभैरव, आणि त्यावरून काम न करता झुंडीनं हिंडणारे, लोकांना ताप देणारे ते टोळभैरव. भैरव त्यात कुठून शिरला याबद्दल छातीठोक कुणी सांगेना. माझा आपला अंदाज असा की, भैरोबा हा वेशीबाहेरचा देव, त्याच्याबरोबर कुत्रं, आणि त्याचे गण सदा हिंडणारे. आमच्या बाकाखाली कुत्रं होतंच, त्यामुळं मला तो अंदाज भलताच पटला.

प्राणिशास्त्राच्या सरांना विचारलं तर ते डबा खाता खाता खुलले. म्हणाले, "म्याडम, एकटा टोळ म्हणजे साधा नाकतोडा हो. लाजरा. दुसरा दिसला की लांब उडी मारणार. पण दाटी झाली, मागच्या पायांना दुसऱ्याचे पाय घासायला लागले, की त्याच नाकतोड्याचा रंग बदलतो, अंगात येतं, आणि मग थवेच्या थवे निघतात." मला तिघांच्या बाकावर बसलेले पाच जण डोळ्यांपुढं दिसले आणि मी इतकी हसले की सरांनी डबा झाकून घेतला.

कोशात असंच भटकताना भामटा शब्द लागला आणि हसू गेलं. लबाड माणसाला आपण सहज भामटा म्हणतो. ते एका भटक्या जमातीचं नाव होतं. आधी त्या लोकांना जन्मतःच चोर ठरवलं, मग त्यांच्या नावाचीच शिवी केली. मला राग आला, आणि अण्णांनी तो प्रश्न का विचारला होता तेही थोडंफार उमगलं. कोश मिटला आणि शनिवारची गाडी पकडली.

गावात उतरल्यावर घरी न जाता थेट टपरीवर गेले. चहावाल्याच्या अंगावरच ओरडले, "माझ्या भावाला टोळभैरव कोण म्हणालं?"

"मीच की!" चहावाला छाती पुढं काढून म्हणाला. "तुमी काळजीच करू नगा म्याडम. साहेब इचारायला लागला, तवा म्हनलं, त्यो व्हय? टोळभैरव हाय त्यो. मोटार सोडा, पंख्याचं बटन दाबाया येत न्हाई त्याला. साहेब गारच झाला."

कुठला साहेब, हे मला मध्यस्थाकडून कळलेलं होतं. याला अजून कळलं नव्हतं. आधी सगळ्यांचं ऐकावं म्हणून मी न्हाव्याच्या दुकानाकडं निघाले. चहावाला माझ्यामागं आला, शाबासकी अर्धी राहिली म्हणून.

न्हावी तर त्याच्या पुढचा. "मी सांगितलं, दिसभर झोपून ऱ्हातो. टोळभैरव हाय. दोनदा घरातून पळून गेलता. बापानं घराभाईर काढलाय."

"काढलाय?"

"बोलनं लई जमून आलतं. मग थांबवंना."

बाकावर चौघे होते. मामा थेट त्यांच्याकडंही येऊन गेला होता. भाऊ तेव्हा तार आणायला परळीला गेलेला. मंडपवाला म्हणाला, "आमाला इचारलं त्यानं. आमी म्हनलो, त्यो टोळभैरव हाय. त्यो म्हनला, आन् तुमी? आमी म्हनलो, आमी बी." स्पर्धा परीक्षावाल्यानं भर घातली होती की, त्याला विजेची लहानपणापासून भीती आहे. बाकी दोघांनी नुसत्या माना हलवल्या होत्या, पण फार जोरात.

आता माझ्यामागं सहा जण आणि कुत्रं अशी वरात झाली. आबांच्या ओट्यावर पोचलो. आबा म्हणाले, "पोरी, तुज्या भावाला मी वाचवलं बघ. म्या सांगितलं, त्याच्या हातात तार दिली तर त्यो बी जळंल आन् तार बी. टोळभैरव हाय निस्ता."

मग मी सांगितलं. "आबा, तो पथकाचा साहेब नव्हता. तो नवरीचा मामा होता. चौकशीला आलेला. सोयरीक मोडली."

ओट्यावर पिवळ्या कुत्र्याच्या खाजवण्याचा तेवढा आवाज राहिला. न्हाव्याच्या हातात वस्तरा तसाच होता. अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक मागं दुकानात वाट बघत बसलं असणार. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पन्नास वर्षं राजकारण केलेला माणूस हळूच म्हणाला, "पर पावसाळ्यात मोटार जळाली म्हनून कावून सांगितलं बे त्यानं?"

मला रागवायचं होतं. तोंड उघडलं आणि हसूच बाहेर आलं. पोटात दुखेपर्यंत हसले. मग भाऊ दिसला. त्या लांबच्या लिंबाखाली तो एकटा बसला होता, हातात फोन, आणि फोन वाजत नव्हता. एक जुनी भंगारातली मोटार त्यानं दोन दिवसांत विनाकारण खोलून पुन्हा भरली होती, असं आईनं नंतर सांगितलं. माझं हसू तिथंच थांबलं.

घरी अण्णा बनियनवर बसले होते. मी त्यांना कोशातलं सगळं सांगितलं. टोळ, भैरव, नाकतोडा. त्यांनी एकच विचारलं.

"हा शब्द कुणाच्या जातीवरून आलेला आहे का?"

"नाही अण्णा. किडा आणि देव एवढंच आहे त्यात. जन्मानं कुणी टोळभैरव नसतो. त्यासाठी बाकावर बसावं लागतं."

त्यांनी खुंटीवरच्या शर्टाकडं बघितलं. "आणि त्या परक्या माणसापुढं गाव आणखी काय काय बोललं? शब्द न् शब्द सांग. मला वाईट वाटेल म्हणून गाळू नकोस."

मी सांगत गेले. निकामी. झोपाळू. पळपुटा. भित्रा. "अजून?" बापानं हाकललेला. पंख्याचं बटन. "अजून?" मी आठवून आठवून सांगितलं. "अजून?"

"एवढंच अण्णा. खरंच एवढंच."

तेव्हा मला कळलं, ते कुठल्या शब्दाची वाट बघत होते. अनोळखी माणूस, मोकळं मैदान, आणि वाईटच बोलायचं असं ठरवून बसलेली सात तोंडं. आजोबांना हाक मारायचा तो शब्द त्यातल्या एकाच्याही जिभेवर आला नव्हता. मुद्दाम टाळला असंही नाही, त्यांना तो सुचलाच नव्हता. अण्णांनी चष्मा काढून बनियनला पुसला. "मुलाला बोलले," ते म्हणाले. "आजोबांना नाही बोलले." मग चष्मा डोळ्यांवर चढवून, "आणि मुलाला बोलले तो शब्दही माझाच. मीच दिला गावाला." आईनं ताट वाढलं आणि म्हणाली, दोन दिवसांचं आता एकदम जेवा.

जेवण चालू असतानाच आबा आले. आबांच्या वाडवडिलांनी आमच्या आजोबांना तीच हाक मारलेली आहे, आणि खुद्द आबांच्या घरी कधीकाळी अण्णांसाठी वेगळा कप होता. तो कप कोनाड्यातून कधी गेला ते कुणी सांगत नाही. मी विसरलेली नाही, आणि मी विसरलेली नाही हे आबांना माहीत आहे. ते दारातच उभे राहिले.

"कंपाउंडर, म्या तुमच्या पोराला नावं ठिवली. पर भल्यासाठी ठिवली. आता उमापूरला जाऊन खरं सांगतो. आमी सातबी जन जातो. तुमी संगट पायजेत."

"मुलाकडच्यांनी असं गाडी भरून जाणं बरं दिसत नाही, आबा."

"गाव खोटं बोललंय त्ये बरं दिसतंय व्हय?"

अण्णा उठले आणि त्यांनी खुंटीवरचा शर्ट घातला.

रविवारी सकाळी निघालो. ट्रॅक्टरवाल्यानं चुलतभावाची क्रुझर आणली. भावाला न्यायचं नाही असं ठरलं, कारण नवऱ्या मुलानं स्वतःची वकिली करणं कमीपणाचं. सात जण, अण्णा, मी, आणि मध्यस्थ चौसाळ्याचा म्हणून वाट वाकडी करून त्याला तिथून उचललं. कुत्रं धारूर फाट्यापर्यंत गाडीतच आहे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

गाडीत तालीम सुरू झाली. चहावाला म्हणाला, मी सांगतो पोरगं चहासुद्धा पीत नाही. न्हावी म्हणाला, मी सांगतो इंजिनेर हाय. स्पर्धा परीक्षावाला म्हणाला, पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलतं, त्यानं नाकारलं. अण्णा पुढच्या सीटवरून मागं वळले. "आता कुणी एक शब्दही खोटा बोलायचा नाही." मग गेवराई येईपर्यंत कुणीच काही बोललं नाही, कारण तालमीला काही उरलंच नव्हतं.

उमापूरला मुलीच्या घरी मामा हजर होता. जयभीम झाला. सतरंजीवर बसलो. पाणी आलं. चहा आला नाही. आमच्याकडं मोडलेल्या सोयरिकीच्या घरी पाणी देतात, चहा देत नाहीत. चहा आला म्हणजे बोलणं अजून चालू आहे असं समजायचं. अण्णांनी रिकाम्या फुलपात्राकडं बघितलं आणि शर्टाची बाही सारखी केली.

आबांनी सगळं सांगितलं. काळा चष्मा, फाईल, आकडे, पथक. मामा ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "म्हंजे तवा तुमी खोटं बोललात."

"बोललो."

"मग आज खरं बोलायलात कशावरनं?"

आबांनी टोपी काढून मांडीवर घेतली. इतक्या निवडणुका लढलेला माणूस, पण समोरच्यानं आपलाच कबुलीजबाब आपल्यावर उलटवला की काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला वाटलं, संपलं. आल्या पावली परत. भाऊ लिंबाखाली बसलेला असेल. तेवढ्यात मंडपवाल्याला राहवलं नाही. "पर मामा, एक सांगा. हिरी तुडुंब असताना मोटार जळाली म्हनून कोन सांगतंय हो? आमाला तितंच डाऊट आला."

आतून बायकांचं हसू ऐकू आलं. मामा लाल झाला. आणि दारात मुलगी येऊन उभी राहिली. नर्स आहे, रोज शंभर घाबरलेल्या माणसांशी बोलते, तिला कसला संकोच? ती आबांना म्हणाली, "मला एक इचारायचंय. सातजन खोटं बोललात. सातातला एक बी फुटला न्हाई?"

"न्हाई पोरी."

"त्यानं सांगितलतं का, असं बोला म्हनून?"

"त्यो तर परळीला गेलता. त्याला पत्ता बी न्हवता."

"आन् आज हितं या म्हनून कुनी सांगितलं?"

"कुनीच न्हाई."

ती मामाकडं वळली. "मामा, तुमाला पथकानं धरायचं म्हनलं, तर आपल्या गावात तुमच्यासाठी असं खोटं बोलनारे किती जन निघतील?"

मामा भला माणूस. त्यानं खरंच विचार केला. बोटं मोजायला लागला. करंगळी मुडपली, तिच्या शेजारचं बोट मुडपलं आणि तिथंच थांबला. आमच्या चहावाल्यानं हसू दाबायला रुमाल तोंडात कोंबला. मग मामाच हसला, आधी नाकातल्या नाकात, मग खो खो, आणि ते हसू सतरंजीभर पसरलं.

मुलगी पदर खोचून आत वळली. वळता वळता थांबून म्हणाली, "मी चहा टाकते. टोळभैरव किती हायत?"

सगळे अण्णांकडं बघायला लागले. गावाला शब्द त्यांनी दिलेला, मोजणी त्यांनीच करायला हवी होती. अण्णांनी एकेकावरून नजर फिरवली. बाकावरचे चौघे, एकमेकांच्या पायाला पाय लावून बसलेले. चहावाला. न्हावी. टोपी मांडीवर घेतलेले आबा.

"सात," अण्णा म्हणाले.

मुलगी आत गेली. स्टोव्हचा आवाज आला. अण्णा एकदम उठून दारापर्यंत गेले, चौकटीला हात लावला आणि माझ्या आयुष्यात मी त्यांना ज्या बोलीत फक्त म्हशींशी बोलताना ऐकलं होतं, त्या बोलीत आत बघून म्हणाले, "न्हाई बाय, आठ टाक. मला बी धर."